देवबागला निवास न्याहारीत तीन रात्री राहून आलो, त्याबद्दल

मालवण तारकर्लीला जायचंय, राहायचं कुठे, असं गेल्या महिनाभरात चार मैत्रिणींनी विचारलं म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. आम्ही तिघी गेलो होतो, मी, माझी बहात्तर वर्षांची आई आणि अकरा वर्षांची लेक. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा, मुद्दाम मधले वार धरले, गर्दी नको होती. रिसॉर्ट नाही, हॉटेल नाही, सरळ एका घरात राहिलो. कोकणात गेटावर पाटी असते ना, निवास न्याहारी, त्यातलंच घर. बेड अँड ब्रेकफास्टला इतका छान मराठी शब्द आपल्याकडे आहे आणि बोलताना आपण सगळे होमस्टे होमस्टे करत बसतो.

घराचं नाव लिहीत नाहीये. काकूंना विचारलं होतं मी, इंटरनेटवर टाकू का म्हणून, तर त्या नको म्हणाल्या, चारच खोल्या आहेत, आलेले फोन घ्यायला माणूस नाही. त्यांचा शब्द मोडणार नाही. पण असं घर कसं शोधायचं आणि फोनवर काय विचारायचं ते खाली लिहिलंय, तेवढं पुरेल.

आधी दोन वर्षांपूर्वीचं सांगते, कारण त्यामुळेच यावेळी मी इतकी चौकशी केली. तेव्हा आम्ही त्याच किनाऱ्यावर एका ठिकाणी राहिलो होतो, तिथेही होमस्टेच लिहिलं होतं, फोटो सुंदर, झोपाळा, माड, सगळं. प्रत्यक्षात मालक मुंबईत, जागा सांभाळायला एक विशीतला पोरगा, बिचारा चांगला होता पण त्याला स्वयंपाक येत नव्हता. सकाळी न्याहारी म्हणून ब्रेड बटर आणि कुठूनतरी पार्सल आणलेले गार पोहे. आईने तीन दिवस केळी आणि घरून नेलेल्या दशम्यांवर काढले. आई माळकरी आहे आमची, माहेर साताऱ्याकडचं, जिथे मासळी शिजते त्या भांड्यातलं ती खात नाही, आणि कुणाला काही न बोलता नुसती मला भूक नाही म्हणते. मला ते इतकं लागलं की परत कोकणात तिला न्यायचंच नाही असं ठरवलं होतं.

यावेळी फोनवर पहिला प्रश्न हाच विचारला, की घरात एक माळकरी बाई आहेत, वेगळ्या भांड्यात होईल का. समोरून काकू लगेच म्हणाल्या, अहो आमच्याकडे सोमवार पाळतात घरात, शाकाहारी भांडी वेगळीच आहेत, आजींना घेऊन या तुम्ही. तिथेच बुकिंग केलं, खोलीचा फोटोसुद्धा नंतर मागितला.

ठाण्याहून रात्री कोकणकन्या, सकाळी कुडाळ, तिथून रिक्षा. मालवण मागे टाकून तारकर्लीवरून पुढे पुढे जात राहिलं की जमीन निमुळती होत जाते, उजवीकडे समुद्र, डावीकडे कर्ली नदी, मधे एवढीशी पट्टी, तीच देवबाग. शेवटी टोकाला नदी समुद्राला मिळते आणि पलीकडे भोगवे दिसतं. लेक रिक्षातून एकदा या बाजूला एकदा त्या बाजूला बघत होती, दोन्हीकडे पाणी कसं काय म्हणून.

घर जांभ्याचं, कौलारू, पुढे पडवी, सारवलेलं अंगण, तुळस, आणि मागच्या बाजूला माडांच्या सावलीत नंतर बांधलेल्या चार खोल्या. काकू अंगणातच उभ्या होत्या. "इलास? वाटेक त्रास झालो नाय मां?" आणि आईकडे वळून, "आजीनू, हय बसा, वारो येता." रजिस्टर, आधार कार्ड, चावी हे सगळं नंतर झालं. आधी पाणी, मग गुळाचा खडा, मग म्हणाल्या खाऊन घ्या. खरं तर त्या दिवशीची न्याहारी आमच्या भाड्यात धरलेली नव्हती, ती दुसऱ्या दिवसापासून. मी तसं म्हटलं तर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की पुन्हा तो विषय काढला नाही.

आणि मग घावणे. मी घावणे आधी खाल्ले नव्हते असं नाही, मुंबईत मालवणी हॉटेलात मिळतात, पण तव्याशेजारी बसून पहिल्यांदाच खाल्ले. बिडाचा जुना तवा, तुकतुकीत काळा, त्यावर अर्ध्या कांद्याने तेल फिरवलं, मग तांदळाचं पीठ, ताकाइतकं पातळ, वाटीने तव्याच्या कडेकडेने गोल ओतत मधे आणायचं, डावाने पसरवायचं नाही. ओतलं की चर्र आवाज होऊन तिथल्या तिथे जाळी पडते. झाकण. काकू झाकण काढायच्या आधी वाकून कान देत होत्या, आवाज थांबला की झालं म्हणे. झाकण काढल्यावर कडा आपोआप सुटलेल्या, पांढराशुभ्र, मऊ, पातळ इतका की ताटलीची नक्षी दिसावी, उलटायचा नाहीच. सोबत ओल्या खोबऱ्याची चटणी आणि वाटीत नारळाचा गोड रस. "गरम आसत तवसर खावा, थंड झाले की चामट होतत." म्हणून एकेकाला एकेक, तव्यावरून ताटात. आई चार घावणे खाऊन उठली. रात्रभर ट्रेनमध्ये बसून आलेली माझी आई, जिला कुठे गेलं की भूक नसते, ती.

मला ही न्याहारी म्हणजे काय ते तिथे नीट कळलं. हॉटेलात बुफे असतो, सात ते दहा, तीस पदार्थ, त्यातले निम्मे झाकणाखाली घाम येऊन बसलेले, ते कोणी केलं आपल्याला माहीत नसतं. इथे एकच पदार्थ असतो, घरातले सगळे तोच खाणार असतात, आणि करणारी बाई समोर बसलेली असते, तिला विचारता येतं की यात काय घातलंय आणि ती भांडं उचलून दाखवते. ज्यांच्या घरात पथ्याचं माणूस आहे, पाळणारं माणूस आहे, लहान मूल आहे, त्यांना हे सांगायला नको किती मोठं आहे ते.

दुसऱ्या दिवशी आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ, खोबरं कांदा खमंग भाजून वाटलेली. तिसऱ्या दिवशी शिरवाळे. शिरवाळ्यांचं थोडं सविस्तर सांगते कारण ते एकट्याने होत नाहीत. तांदळाच्या पिठाचे मुठीएवढे गोळे उकळत्या पाण्यात शिजवायचे आणि गरम असतानाच लाकडी शेवग्यात, म्हणजे शेवया पाडायच्या साच्यात, घालून दाबायचे, जोर इतका लागतो की काका एका बाजूने आणि काकू दुसऱ्या बाजूने. खाली केळीच्या पानावर पांढऱ्या शेवयांचा चवंगा, म्हणजे पुंजका, पडतो. तो नारळाचं दूध, गूळ, वेलची यांच्या रसात बुडवून खायचा. आई दारात उभी राहून बघत होती, मग आत गेली, म्हणाली अहो हे तर आमच्या कुरडयांच्या सोऱ्यासारखंच, आणि पदर खोचून शेवग्याचा दांडा धरला की हो तिने. काकू नको नको म्हणत होत्या. पण दोघींनी मिळून सहा चवंगे पाडले आणि मग अर्धा तास कुरडयांच्या चिकापासून उकडीच्या मोदकांपर्यंत सगळं बोलून झालं. संध्याकाळी आईने त्यांना हातावरची भाकरी थापून दाखवली, साताऱ्याकडची, परातीला न लावता. काकू तांदळाची करतात, आईने ज्वारीचं पीठ गावातल्या दुकानातून मागवून घेतलं. मी पडवीत बसून आतले आवाज ऐकत होते. वडील गेल्यापासून आईला इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

आता काकांबद्दल. काका पूर्वी मासेमारीला जायचे, आता गुडघ्यामुळे बंद. पहिल्या रात्री त्यांना विचारलं, उद्या ते खाडीच्या तोंडाशी वाळूचं बेट आहे, सगळे सुनामी आयलंड म्हणतात ते, तिकडे किती वाजता जावं. त्यांनी फोन नाही, कालनिर्णय उघडलं. उद्या तृतीया. तीन त्रिक नऊ, नवाला चाराने भागा, सव्वादोन. म्हणजे दुपारी सव्वादोनला पूर्ण भरती, त्याच्या सहा तास आधी, आठ सव्वाआठला ओहोटी, तेव्हा वाळू उघडी असणार. "सकाळीच जावा, दुपारी सगळा पाण्याखाली जातला." तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, भरतीची वेळ. लेकीने लगेच मोबाईलवर भरतीची वेळ बघितली, पंधरावीस मिनिटांचाच फरक. तिला इतकं भारी वाटलं की घरी आल्यावर तिने कॅलेंडरवर एका महिन्याच्या वेळा काढून ठेवल्यात. त्या दिवशी काकूंनी आमच्यासाठी साडेसहालाच तवा ठेवला, आणि आम्ही आठला वाळूवर होतो, आमच्याशिवाय एकच कुटुंब. साडेअकराला परतताना बघितलं तर समोरून भरलेल्या होड्या येत होत्या आणि वाळू निम्मी पाण्यात गेलेली.

रापणीचंही काकांनीच सांगितलं. तिसऱ्या दिवशी पहाटे दार वाजवलं, रापण ओढतायत, पोरीला घेऊन जा. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, होडीने अर्धगोल टाकून येतात आणि मग दोन्ही टोकांचे दोर धरून वीसपंचवीस माणसं वाळूत पाय रोवून मागे मागे सरकत ओढतात. कुणी हात लावला तर नको म्हणत नाहीत. लेकीने दोर धरला, पुढे एक आजोबा, मागे एक बाई, आणि तासाभराने जाळं आलं तेव्हा वाळूवर नुसती चांदी, तारली, बांगडे, मधेच एखादा खेकडा. तिथल्या एकाने दोन ओंजळी भरून तारली तिच्या टोपीत टाकली, ओढलंस ना, तुझा वाटा. ती टोपी छातीशी धरून घरापर्यंत पळत आली. काकूंनी दुपारी तांदळाच्या रव्यात घोळवून त्या तळून दिल्या, पैसे फक्त भात आमटीचे घेतले. आईचं ताट वेगळं, पडवीत, वेगळ्या भांड्यातलं, आणि ते काकूंनी स्वतः आधी वाढलं, मासळीला हात लावायच्या आधी.

हे सगळं पॅकेजमध्ये नसतं, विकतही मिळत नाही, कारण काकांनी पहाटे दार वाजवायचं तर ते पहाटे तिथे असायला हवेत. माझं म्हणणं एवढंच आहे की निवास न्याहारीत आपण खोलीचे पैसे देतो पण खरी किंमत असते ती त्या घरात माणसं राहतायत याची.

खोलीबद्दलही लिहिते, नाहीतर म्हणाल नुसतं खाण्याचंच. दोन पलंग आणि एक जादा गादी, धुतलेल्या चादरी, उन्हाचा वास येणाऱ्या. कमोड आहे, गरम पाणी आहे, आईसाठी काकांनी बाथरूममध्ये प्लास्टिकचं स्टूल आणून ठेवलं न सांगता. एसी दोनच खोल्यांना आहे, आम्ही साधी घेतली, रात्री खिडकी उघडी ठेवली की समुद्राचा आवाज आणि गार वारा, फेब्रुवारीत गरज पडली नाही. तिघींचे दिवसाला दोन हजार, न्याहारी धरून. जेवण वेगळं, सकाळी सांगून ठेवायचं, शाकाहारी थाळी १८० आणि माशाची ३००. जीपे चालतं पण रेंज जाते अधूनमधून, थोडी रोकड ठेवा.

कमी काय ते पण सांगते. आंघोळीचं पाणी किंचित मचूळ आहे, दोन बाजूंना खारं पाणी असलेल्या पट्टीत विहिरीचं पाणी तसंच असायचं, केस राठ होतात. प्यायचं पाणी वेगळं देतात. संध्याकाळी डास आहेत, काकू अंगणात नारळाच्या सोडणांचा, म्हणजे सालींचा, धूर करतात पण क्रीम न्याच. एका रात्री तासभर लाईट गेली आणि इन्व्हर्टर फक्त दिव्यांना आहे, पंख्याला नाही. रस्ता अरुंद, मोठी गाडी असेल तर समोरून दुसरी आली की कुणालातरी पाठी जावं लागतं. आणि बाथरूमची फरशी गुळगुळीत आहे, ती बदलायला हवी, वयस्कर माणसांसाठी तर नक्कीच, मी काकांना तसं सांगितलं आणि त्यांनी ऐकून घेतलं. ज्यांना रूम सर्व्हिस, स्विमिंग पूल, रात्री उशिरापर्यंत गाणी असं हवंय त्यांनी इथे जाऊ नये, घर दहाला झोपतं, आपणही झोपावं हे बरं.

निघायच्या दिवशी सकाळी सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलो, मालवण जेट्टीवरून होडी. आई आली नाही, होडीत चढणं उतरणं तिला झेपलं नसतं. १६६४ ला महाराजांनी कुरटे बेटावर काम सुरू केलं आणि तीन वर्षांत हा एवढा कोट समुद्रात उभा केला, आत शिवराजेश्वराचं मंदिर, आणि दूधविहीर, साखरविहीर, दहीविहीर अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी, चहूबाजूंनी खारं पाणी असताना. आदल्या तीन दिवस मचूळ पाण्याने आंघोळ केल्यावर त्या विहिरीपाशी लेक खूप वेळ उभी राहिली. गाडी रात्रीची होती, खोली सकाळीच सोडायला हवी होती खरं तर, पण काकू म्हणाल्या मागून कोणी येणार नाही, आजी झोपू दे, सामान राहू दे. त्याचे पैसे विचारले तर परत तीच नजर.

आता घर कसं निवडायचं. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला तेव्हापासून मालवण, तारकर्ली, देवबाग, वेंगुर्ला सगळीकडे अशी घरं वाढत गेली, चांगली खूप आहेत. राज्य सरकारची निवास न्याहारी योजना आहे, नोंदणी असेल तर बऱ्याचदा गेटावर पाटी दिसते. केंद्र सरकारचीही अतुल्य भारत बेड अँड ब्रेकफास्ट नावाची योजना आहे, त्यात मालकाने किंवा त्याच्या कुटुंबाने त्याच घरात राहायला हवं आणि खोल्या जास्तीत जास्त सहा, अशी अट आहे, गोल्ड आणि सिल्व्हर असे दोन दर्जे देतात. मला ही अट फार शहाणपणाची वाटते, कारण दोन वर्षांपूर्वी आमची जी फसगत झाली ती या एका अटीत आधीच पकडली गेली असती. पाटी असो नसो, फोनवर आपण तेच विचारायचं, तुम्ही तिथेच राहता का, आणि न्याहारी घरात कोण करतं. उत्तर देताना समोरचा माणूस अडखळला, मॅनेजरशी बोला म्हणाला, की ठेवून द्या फोन. आणि समोरून तुम्हालाच उलटे प्रश्न आले, किती माणसं, वयस्कर कोण आहे का, मासे खाता का, किती वाजता पोचणार, तर समजा घर आहे. आमच्या काकूंनी तर आईला डायबेटिस आहे का तेही विचारलं होतं, रसात गूळ असतो म्हणून.

अजून एक, फोटोंवर जाऊ नका. झोपाळा कुणीही टांगतं.

येताना काकूंनी आईच्या पिशवीत कुळथाचं पीठ, सोलं आणि एक नारळ घातला. आईने त्यांना लुगडं दिलं, तिने ते डोंबिवलीहूनच आणलं होतं, मला माहीतही नव्हतं, कुणाच्या घरी राहायला जायचं तर रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणाली. दोघी आता दर रविवारी फोनवर बोलतात, एक मालवणीत एक सातारीत.

जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बघा, मार्चमध्ये ऊन वाढतं पण ओले काजू मिळतात, त्यांची उसळ खायची तर तेव्हा. पावसात किल्ल्याच्या होड्या बंद असतात. आणि मे महिन्यात किंवा गणपतीत असल्या घरांना फोन केलात आणि नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका, तेव्हा मुंबईची मुलं, सुना, नातवंडं गावी येतात आणि त्या चार खोल्यांमध्ये त्यांचीच अंथरुणं पडलेली असतात.